मनाई करणाऱ्याचा इतिहास : रेल्वेच्या सांध्यांपासून टोरांटोच्या गणितापर्यंत

१/
यंत्रावरील नियंत्रण म्हटले की हुकूम देणारा कोणीतरी डोळ्यांसमोर येतो. पण नियंत्रणाचा एक मोठा आणि कमी परिचित इतिहास हुकमाचा नसून मनाईचा आहे. या इतिहासातला नियंत्रक स्वतः गाडी चालवत नाही की यंत्र सुरू करत नाही. कोणत्या क्षणी कोणती गोष्ट होऊ द्यायची नाही, एवढेच तो ठरवतो. १९८० च्या दशकात टोरांटो विद्यापीठात या कल्पनेला गणिताचे रूप मिळाले. तिचे धडे मात्र त्याआधी शतकभर रेल्वेच्या रुळांवर गिरवले गेले होते आणि त्यांची किंमत माणसांनी जिवाने मोजली होती.

२/
बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्या काळात खुद्द ब्रिटनमध्येही दोन गाड्यांमधले अंतर बहुतेक ठिकाणी घड्याळाने राखले जात असे. एक गाडी गेली की ठरावीक मिनिटे थांबायचे आणि मग दुसरी सोडायची. या पद्धतीत एक उणीव होती. गाडी केव्हा सुटली हे सिग्नलवाल्याला ठाऊक असे, पण ती या घटकेला कुठे आहे हे ठाऊक नसे. पुढची गाडी वाटेत बंद पडली असली तरी घड्याळ मागच्या गाडीला वाट मोकळी असल्याचेच सांगत राही.

३/
पहिली मोठी सुधारणा सांध्यांवर झाली. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती जागा म्हणजे सांधा. सांधा एका बाजूला लावलेला आणि सिग्नल दुसऱ्या बाजूचा पाडलेला, अशी चूक झाली की गाडी भलत्याच वाटेने जाई. लंडन-ब्रायटन रेल्वेत सुतारकाम केलेल्या जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये सांधे आणि सिग्नल एकत्र हलवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. पुढे १८६० च्या सुमारास खटक्यांचे खरे परस्परबंधन आले. यालाच आज इंटरलॉकिंग म्हणतात. सांधा योग्य जागी पक्का बसल्याशिवाय सिग्नलचा खटका हलतच नाही.

४/
या यंत्राचे वेगळेपण लक्षात घेण्याजोगे आहे. कोणती गाडी आधी सोडावी हे ते सांगत नाही. तो निर्णय केबिनमधल्या माणसाचाच राहतो. यंत्र केवळ काही खटके अडकवून ठेवते. केबिनमधल्या माणसाने धोक्याचा खटका ओढला, तर लोखंडी पट्ट्यांच्या खाचा तो जागचा हलू देत नाहीत. दुसरे असे की हे सारे निर्णय आधीच घेतलेले असतात. कोणता खटका कोणत्या खटक्याला अडवील याचा तक्ता कागदावर तयार होतो, मग तो लोखंडात उतरतो आणि पुढे वर्षानुवर्षे न बदलता राबतो.

५/
पण खटके अडवून सारे प्रश्न सुटत नव्हते. रविवार, २५ ऑगस्ट १८६१. ब्रायटनहून लंडनकडे तीन गाड्या काही मिनिटांच्या अंतराने सुटल्या. नियम पाच मिनिटांचा होता, पण प्रत्यक्षात अंतर त्याहूनही कमी राहिले. वाटेत दोन किलोमीटरहून थोडा लांब क्लेटनचा बोगदा लागे. बोगद्यात एका वेळी एकच गाडी असावी, असा नियम होता. दक्षिण तोंडाशी किलिक आणि उत्तर तोंडाशी ब्राऊन, असे दोन सिग्नलवाले होते. दोघांमध्ये सुई हलवणारे तारयंत्र होते. आठवड्याची एक पूर्ण सुटी मिळावी म्हणून किलिक त्या दिवशी सलग २४ तासांच्या पाळीवर होता.

६/
पहिली गाडी आत गेली, पण गाडीमागे आपोआप धोका दाखवणारा सिग्नल तसा पडला नाही. बिघाडाची घंटा वाजली. किलिकने सिग्नल हाताने लावेपर्यंत दुसरी गाडी बोगद्याच्या तोंडाशी आली होती. त्याने लाल निशाण हलवले. चालकाने ते पाहिले की नाही, हे त्याला कळले नाही. चालकाने ते पाहिले होते. त्याने गाडी बोगद्यात थांबवली आणि ती मागे घ्यायला सुरुवात केली. इकडे किलिकने तारेवर विचारले, बोगदा मोकळा आहे काय? त्याच सुमारास पहिली गाडी उत्तरेकडून बाहेर पडली होती. ब्राऊनने उत्तर दिले, मोकळा आहे.

७/
ब्राऊनचे उत्तर पहिल्या गाडीबद्दल होते. किलिकने ते दुसऱ्या गाडीबद्दलचे समजले. त्याने तिसऱ्या गाडीला पांढरे निशाण दाखवले. त्या काळी पांढऱ्याचा अर्थ वाट मोकळी, असा होता. अंधाऱ्या बोगद्यात तिसरी गाडी मागे येणाऱ्या दुसरीवर आदळली. २३ माणसे मेली आणि १७६ जखमी झाली.

ब्राऊन खोटे बोलला नव्हता. किलिकनेही मिळालेल्या उत्तराप्रमाणेच वागणूक केली होती. बोगद्यात घडलेले दोन निरनिराळे वृत्तांत तारेच्या सुईवर एकाच खुणेने उमटत होते, आणि त्यांतला कोणता खरा हे त्या खुणेवरून ओळखण्याची सोय नव्हती.

८/
या अपघातानंतर जुन्या वादाला धार आली. रुळाचे तुकडे पाडावेत आणि एका तुकड्यात एक गाडी असेपर्यंत दुसरीला मनाई असावी, असा आग्रह सरकारी निरीक्षक धरत होते. हीच ब्लॉक पद्धत. अंतर मिनिटांत न मोजता जागेत मोजायचे, हा तिचा गाभा. कंपन्यांचा आक्षेप असा की यंत्रावर भिस्त ठेवली तर चालकांची सावधगिरी बोथट होईल. खर्च आणि गाड्यांची संख्या यांची चिंता त्यामागे होतीच. पुष्कळ मार्गांवर ब्लॉक पद्धत हळूहळू आली, पण ती सक्तीची नव्हती. ती सक्ती येण्यासाठी आणखी २८ वर्षे आणि आणखी एक अपघात लागला.

९/
१२ जून १८८९, आयर्लंडमधील आर्मा. रविवार-शाळेच्या सहलीची गाडी समुद्रकिनाऱ्याकडे निघाली. १५ डबे आणि सुमारे ९४० प्रवासी, त्यांत लहान मुले पुष्कळ. चढणीवर इंजिनाचा दम संपला आणि माथा जवळ असतानाच गाडी थांबली. पुढचे काही डबे आधी वर नेऊन ठेवायचे आणि परत येऊन उरलेले न्यायचे, असे ठरले. पुढचे पाच डबे वेगळे करण्यात आले. मागचे दहा डबे गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांखाली सारलेल्या दगडांवर उभे राहिले.

१०/
त्या गाडीचा मुख्य ब्रेक इंजिनाशी जोड असेपर्यंतच काम करणारा होता. जोड सुटताच मागच्या डब्यांचे ब्रेकही सुटले. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला आणि उभ्या डब्यांना धक्का बसला. दगड चिरडले गेले, हातब्रेक अपुरा पडला आणि दहा डबे उतारावरून मागे घरंगळू लागले. खालून दुसरी गाडी येत होती. तिला घड्याळाच्या नियमाप्रमाणे सोडण्यात आले होते. पुढची गाडी अडकली आहे हे तिच्या चालकाला कळण्याची काहीच व्यवस्था नव्हती. या टकरीत ८० जण मृत्युमुखी पडले.

११/
आर्माचा प्रश्न क्लेटनहून वेगळा आहे. डबे घरंगळताना सर्वांना दिसत होते. माणसे त्यांच्यामागे धावलीही. माहिती होती, पण हातात काही उरले नव्हते. उतारावर सुटलेल्या डब्याला कोणताही सिग्नल मनाई करू शकत नाही. मनाई शक्य होती ती आधीच्या टप्प्यांवर. जोड काढू न देणे, मागची गाडी न सोडणे, किंवा इतके डबे त्या इंजिनाला जोडूच न देणे.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने रेल्वे नियमनाचा कायदा केला. प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत, इंटरलॉकिंग आणि जोड तुटताच आपोआप लागणारा ब्रेक यांची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

१२/
आपल्या मनाईची कक्षा कुठे संपते हे ओळखून रचलेली व्यवस्था सह्याद्रीत आजही पाहता येते. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिथे ३७ फूट पुढे जाताना एक फूट चढ, अशी चढण आहे. ब्रेक निकामी झालेली गाडी थोपवण्यासाठी घाटात कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गापासून फुटून चढाकडे जाणारा हा आंधळा रूळ. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा मुळात या रुळाकडेच लावून ठेवलेला असतो. गाडी ठरलेल्या जागी थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहे हे सिद्ध झाले, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो.

१३/
आता शतकभर पुढे, टोरांटोत. तेथील प्राध्यापक मरे वोनम नियंत्रणशास्त्रातले मोठे नाव होते. विमानाची उंची किंवा भट्टीचे तापमान यांसारख्या अखंड बदलणाऱ्या राशी हा त्या शास्त्राचा नेहमीचा विषय. पण कारखाने, संगणकांची जाळी आणि वाहतूक यांचे कामकाज तसे नसते. तिथे घटना तुटक असतात. गाडी आली, यंत्र बिघडले, निरोप पोहोचला. अशा व्यवस्थांना डिस्क्रीट इव्हेंट सिस्टिम, म्हणजे तुटक घटनांच्या प्रणाली म्हणतात. वोनम यांचे विद्यार्थी पीटर रॅमेज यांनी १९८३ मध्ये याच विषयावर प्रबंध पूर्ण केला. दोघांचा पायाभूत लेख १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

१४/
त्यांनी घटनांचे दोन वर्ग केले. पहिला, ज्यांना मनाई करता येते. दुसरा, ज्यांना करता येत नाही. यंत्र सुरू होणे पहिल्या वर्गात, यंत्र बिघडणे दुसऱ्या वर्गात. प्रणालीवर नजर ठेवणाऱ्याला त्यांनी सुपरवायझर, म्हणजे पर्यवेक्षक म्हटले. तो काही घडवून आणत नाही. आतापर्यंत काय घडले ते पाहून, पुढच्या घटनांपैकी कोणत्या मना आहेत एवढेच तो सांगतो. सॅक्सबीच्या लोखंडी खाचा नेमके हेच करत होत्या. टोरांटोचा सिद्धांत रेल्वेच्या इतिहासातून जन्मलेला नाही. त्याची साधने संगणकशास्त्रातल्या स्वयंयंत्रांची आणि भाषांची आहेत. प्रश्न मात्र तोच आहे.

१५/
या सिद्धांताचे एक गाजलेले उदाहरण मांजर आणि उंदराचे आहे. पाच खोल्यांचे घर. मांजरासाठी वेगळी दारे, उंदरासाठी वेगळी. दोघे एका खोलीत कधीही येऊ नयेत, आणि दोघांनाही आपल्या मूळ जागी परतता यावे. दारे बंद करता येतात, फक्त मांजराचे एक दार कायम उघडेच राहते. साऱ्या कोड्याची गोम त्या एका दारात आहे. उंदीर त्या दारापलीकडच्या खोलीत असेल, तर मांजराला त्या दारापर्यंत पोहोचू देण्यातच धोका आहे. मनाई त्या दाराशी करता येत नाही. ती त्याच्या आधीच्या दाराशी करावी लागते.

१६/
या निरीक्षणाचे रॅमेज आणि वोनम यांनी प्रमेय केले. प्रणालीने पाळायचा एखादा नियम पर्यवेक्षकाला राखता येतो केव्हा? नियमात बसणाऱ्या कोणत्याही टप्प्यावरून, मनाई न करता येणारी एकही घटना प्रणालीला नियमाबाहेर नेत नसेल, तेव्हाच. तसे नसेल तर नियम आणखी आकसून घ्यावा लागतो. पण किती आकसायचा? नियम पाळणारे आणि तरीही जास्तीत जास्त मोकळीक देणारे एकच सर्वांत मोठे वर्तन असते, हे त्यांनी सिद्ध केले. हे महत्त्वाचे आहे. सगळ्याच गाड्या थांबवल्या तर टक्कर होणार नाही, पण कोणी घरीही पोहोचणार नाही. खरी कसोटी कमीत कमी मनाई करून सुरक्षित राहण्याची आहे.

१७/
क्लेटनच्या प्रश्नालाही या गणितात जागा आहे. काही घटना पर्यवेक्षकाला दिसतच नाहीत. दोन वेगळे घटनाक्रम त्याला अगदी सारखे दिसत असतील, तर दोन्ही प्रसंगी त्याला एकच निर्णय द्यावा लागतो. एका प्रसंगी परवानगी योग्य आणि दुसऱ्या प्रसंगी घातक असेल, तर कितीही दक्ष पर्यवेक्षक दोन्ही साधू शकत नाही. फेंग लिन आणि वोनम यांनी १९८८ मध्ये ही अट नेमकेपणाने मांडली. या अटीच्या प्रकाशात पाहिले तर किलिकपुढे सुरक्षित वाट एकच होती : खात्री होईपर्यंत तिसरी गाडी अडवून ठेवणे. पण खात्री झाली, असेच त्याला त्या खुणेने सांगितले होते.

१८/
सिद्धांत तयार झाला, पण तो वापरताना भिंत आडवी आली. सर्व शक्यतांचा तक्ता आधीच मांडून ठेवायचा तर तो फुगत जातो. प्रत्येकी १० अवस्था असलेली दोन यंत्रे मिळून १०० अवस्था होतात. अशी १० यंत्रे एकत्र आली की अवस्थांची संख्या १००० कोटींवर जाते. एका स्टेशनचा खटक्यांचा तक्ता कागदावर मावतो. मोठ्या कारखान्याचा किंवा संगणकांच्या जाळ्याचा मावत नाही. शिवाय प्रणालीच बदलत राहिली, एखादे यंत्र काढले, एखादे जोडले, तर कष्टाने रचलेला तक्ता रद्द होतो.

१९/
यावर शेंग-लुएन चुंग, स्टेफान लाफॉर्च्यून आणि फेंग लिन यांनी १९९२ मध्ये एक मार्ग मांडला. सारा तक्ता आधी रचायचाच नाही. प्रणाली चालू असताना प्रत्येक घटनेनंतर, सध्याच्या जागेवरून पुढची ठरावीक पावले तेवढी तपासायची, त्यावरून आत्ताची मनाई ठरवायची, आणि पुढची घटना घडली की पुन्हा नव्याने पाहायचे. हेच चालत्या काळातले, म्हणजे ऑनलाइन पर्यवेक्षण. बुद्धिबळपटू सारा डाव आधी लिहून ठेवत नाही, पण प्रत्येक खेळीपूर्वी काही चाली पुढचे पाहतो, तसेच हे. पुढे मायकेल हायमन आणि लिन यांनी १९९४ मध्ये, सर्व घटना दिसत नसतानाचे ऑनलाइन नियंत्रणही मांडले.

२०/
पण ठरावीक पावलांपलीकडे काय आहे? ते दिसत नाही, आणि तरीही त्याबद्दल काहीतरी गृहीत धरावेच लागते. त्या तिघांनी दोन वृत्ती सांगितल्या. सावध वृत्ती मानते की न पाहिलेले सारे धोक्याचेच आहे. ती सुरक्षित राहते, पण गरजेपेक्षा जास्त अडवते. आशावादी वृत्ती न पाहिलेले सारे ठीक मानते. ती मोकळीक देते, पण मनाईच्या शेवटच्या दाराच्या पुढे निघून गेल्यावर तिला धोका दिसू शकतो. नजर पुरेशी लांब असेल तर दोन्ही वृत्ती एकाच उत्तरावर येतात, आणि ते उत्तर संपूर्ण तक्त्याने दिले असते तेच असते.

२१/
भारतीय रेल्वेत हे काम सेक्शन कंट्रोलर नावाचा माणूस करत आला आहे. आलेखावर गाड्यांच्या रेषा ओढत, पुढच्या काही तासांत कोणती गाडी कुठे अडेल याचा अंदाज घेत, कोणाला थांबवायचे ते तो ठरवतो. गाडी उशिरा आली की रेषा पुन्हा ओढतो. त्याच्या चुकीला आवर घालणारी इंटरलॉकिंगची जुनी मनाई खाली कायम असते. २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या ‘कवच’मध्येही, गाडीला पुढे किती अंतर जाण्याची मुभा आहे हे रेडिओवरून सतत नव्याने कळवले जाते आणि चालक चुकला तर ब्रेक आपोआप लागतो.

२२/
या इतिहासाचा एक अर्थ दोष ठरवण्याशी निगडित आहे. क्लेटननंतर कंपन्या माणसांच्या सावधगिरीचा हवाला देत होत्या. पण माहिती अपुरी असेल तर सावधगिरी आंधळी ठरते, आणि मनाईची वेळ टळली असेल तर ती हतबल ठरते. या दोन्ही मर्यादा टोरांटोच्या गणितात नेमक्या शब्दांत सापडतात. म्हणून अपघातानंतर शेवटचा खटका कोणी ओढला एवढेच विचारून भागत नाही. धोका थोपवता येईल असे शेवटचे दार कोणते होते, त्या दाराशी उभ्या असलेल्याला काय दिसत होते, आणि न दिसणाऱ्याबद्दल त्याने काय गृहीत धरावे हे कोणी ठरवले होते, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

२३/
सावध आणि आशावादी यांतली निवड गणित स्वतः करत नाही. दोन्हींची किंमत तेवढी ते दाखवते. एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे कंपन्यांनी न दिसणाऱ्या वाटेबद्दल आशावाद निवडला होता, आणि त्याची किंमत गाडीत बसलेल्यांनी मोजली. आर्मानंतरच्या कायद्याने हा क्रम उलटवला. वाट मोकळी असल्याची खात्री पटेपर्यंत ती बंदच समजावी, आणि त्यामुळे गाड्यांना होणारा उशीर कंपनीने सोसावा. आज संगणकाकडे सोपवलेल्या प्रत्येक पर्यवेक्षणामागे हीच निवड कोणीतरी केलेली असते, आणि ती कोणी, कोणाच्या जिवावर केली हे विचारण्याचा अधिकार प्रवाशांचा आहे.

(धागा समाप्त)